स्वस्ताई कुठून येते?

हवामानबदलावर संशोधन करते असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वितळणाऱ्या हिमनद्या येतात, समुद्राची पातळी येते, गेलाबाजार एखादी वेधशाळा तरी येतेच. माझ्या कामात यातलं काही नव्हतं. पीएचडीची वर्षं किमतींच्या तक्त्यांत आणि पेटंटच्या नोंदींत गेली. प्रश्न दिसायला साधा होता. सौर पॅनेल इतकं स्वस्त कशामुळे झालं? आणि ते कारण हाती लागलं, तर आज महाग असलेल्या दुसऱ्या एखाद्या तंत्रज्ञानाबद्दल, उदाहरणार्थ विजेच्या साहाय्याने पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या इलेक्ट्रोलायझरबद्दल, काही सांगता येईल का?

आधी ही स्वस्ताई केवढी आहे ते सांगते. बेल लॅबमध्ये १९५४ साली चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांनी सिलिकॉनचा पहिला कामाचा सौरघट दाखवला, तेव्हा पडणाऱ्या उन्हातल्या जेमतेम ६ टक्के ऊर्जेची तो वीज करत होता. १९५८ साली सौरघट व्हॅनगार्ड १ या उपग्रहावर चढले. अंतराळात वीज मिळवायचे पर्यायच मोजके, त्यामुळे किमतीची फिकीर कुणाला नव्हती. १९७६ च्या सुमारास एका वॅटच्या पॅनेलला, अलीकडच्या डॉलरच्या मूल्यात, साधारण १०० डॉलर पडायचे. २०१९ पर्यंत तोच वॅट ४० सेंटच्या खाली आला. ऊर्जेच्या इतिहासात अशी घसरण फारशी कुठे सापडत नाही. लिथियम-आयन बॅटरी तिच्या जवळपास जाते: १९९१ साली बाजारात आल्यापासून तीन दशकांत तिची किंमत सुमारे ९७ टक्क्यांनी उतरली.

मी आले यंत्र-अभियांत्रिकीतून. स्वस्ताई म्हणजे चांगलं डिझाइन, अशी माझी समजूत. अर्थशास्त्र विभागात पहिलं वर्ष अभ्यासक्रमातच गेलं. सूक्ष्म-अर्थशास्त्र, अर्थमिती (म्हणजे आकडेवारीतून आर्थिक संबंध मोजण्याचं शास्त्र), पुन्हा अर्थमिती. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, एवढंच की अभियंत्याला ‘हे कसं चालतं’ विचारायची सवय असते आणि इथे दर आठवड्याला ‘हे त्याच्यामुळेच झालं कशावरून?’ असं विचारलं जायचं. सुरुवातीला मला तो निव्वळ वितंडवाद वाटे.

माझ्या गाईड मॅडमनी वाचायला दिलेल्या पहिल्या गठ्ठ्यात अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांचे दोन लेख होते, दोन्ही १९६२ सालचे. एकात त्यांनी म्हटलंय की नवं ज्ञान निर्माण करणाऱ्याला त्याचा पूर्ण मोबदला कधी मिळत नाही, कारण ज्ञान एकदा बाहेर पडलं की दुसरेही ते वापरतात. म्हणून बाजारावर सोडलं तर संशोधन गरजेपेक्षा कमीच होणार. दुसऱ्यात म्हटलंय की माणसं वस्तू बनवता बनवता शिकतात आणि त्या शिकण्यातून उत्पादकता वाढते. हवामानाच्या अर्थशास्त्रातला निम्मा वाद या दोन लेखांच्या मधल्या जागेत चालतो असं मला पुढे वाटू लागलं. हरित तंत्रज्ञानाला दोन्हीकडून मार बसतो. धूर सोडणाऱ्याला धुराची किंमत मोजावी लागत नाही, म्हणून स्वच्छ वस्तूला गिऱ्हाईक कमी. शोध लावणाऱ्याला पूर्ण फळ मिळत नाही, म्हणून शोधही कमी. म्हणजे कार्बनवर कर लावला की काम झालं, असं नाही. डॅरन असेमोग्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याची गणिती मांडणी केली: कार्बन कर आणि स्वच्छ संशोधनाला अनुदान, दोन्ही लागतात, आणि उशीर जितका जास्त तितका पुढचा भुर्दंड मोठा. २०१८ चं अर्थशास्त्राचं नोबेल हवामान-अर्थशास्त्राचे विल्यम नॉर्डहाउस आणि नवोन्मेषाच्या, म्हणजे नव्या शोधांच्या, सिद्धान्ताचे पॉल रोमर यांना विभागून मिळालं. दोन विषय एका व्यासपीठावर आले ते तेव्हा. आमच्या विभागात मात्र दोन्हींचे लोक अजून वेगवेगळ्या मजल्यांवर बसायचे.

माझ्या कामाचा कणा म्हणजे लर्निंग कर्व्ह: उत्पादनाचा अनुभव वाढतो तशी किंमत कशी उतरते ते दाखवणारी रेषा. १९३६ साली थिओडोर राइट या विमान-अभियंत्याने दाखवलं की विमानांचं आजवरचं एकूण उत्पादन दुप्पट झालं की एका विमानाला लागणारी मजुरी सुमारे २० टक्क्यांनी उतरते. पुन्हा दुप्पट, पुन्हा २० टक्के. सौर पॅनेलचा आकडाही योगायोगाने २० टक्क्यांच्या आसपास निघतो. दोन्ही अक्षांवर लॉगरिदम घेऊन आलेख काढला की १९७६ पासूनचे बिंदू जवळजवळ सरळ रेषेत उतरतात. पहिल्यांदा मी तो स्वतःच्या हाताने काढला तेव्हा वाटलं, प्रबंध लिहून झालाच. मॅडमनी आलेख पाहिला आणि विचारलं, “ही रेषा सुंदर आहे. पण उभ्या अक्षावर काय आहे?”

किंमत, मी म्हटलं. त्यांना हवं होतं ते उत्पादनखर्चाचं उत्तर, आणि ते माझ्याकडे नव्हतं. कुणाकडेच सहसा नसतं. कंपन्या किंमत सांगतात, खर्च लपवतात. दोन्हींत केवढं अंतर पडू शकतं हे २००४ ते २००८ या काळाने चांगलं दाखवलं आहे. जर्मनीने २००० साली अक्षय ऊर्जेचा कायदा करून सौर विजेला ठरावीक भाव बांधून दिला आणि मागणी उसळली. सौर उद्योग तोवर चिप बनवणाऱ्यांच्या उरल्यासुरल्या शुद्ध सिलिकॉनवर जगत होता, ते पुरेना. शुद्ध सिलिकॉनचा हजर (तत्काळ खरेदीच्या) बाजारातला भाव २००८ मध्ये किलोला ४०० डॉलरच्या वर गेला. उत्पादन कित्येक पटींनी वाढत होतं आणि पॅनेलची किंमत मात्र जागची हलत नव्हती. नंतर सिलिकॉनचे नवे कारखाने उभे राहिले, किंमत कोसळली, इतकी की अनेक उत्पादक बुडाले. आता या काळात कारखान्यांतले लोक आधी शिकायचे थांबले आणि मग एकदम हुशार झाले, असं म्हणायचं का? आलेखावर तरी तसंच दिसतं.

डेटा जमवण्याचं काम किती कंटाळवाणं असतं हे प्रबंधाच्या प्रस्तावनेत कुणी लिहीत नाही. एका स्रोतात किंमत कारखान्याच्या दारातली, दुसऱ्यात जहाजावर चढवलेली. एकात डॉलर त्या वर्षीचे, दुसऱ्यात महागाईने समायोजित केलेले, पण कोणत्या निर्देशांकाने ते सांगितलेलं नाही. ‘एकूण उत्पादन’ हा आकडा तर सुरुवातीपासून मोजायचा, आणि सुरुवात कुठली? १९५४? १९७६? सुरुवात बदलली की रेषेचा उतारही थोडा बदलतो. यातली प्रत्येक निवड मी एका वहीत लिहून ठेवायचे. पुढे हीच वही सगळ्यात उपयोगी पडली, कारण परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात.

पेटंटचं काम वेगळं. त्यात मजाही होती. युरोपीय पेटंट कार्यालयाने हवामानाशी संबंधित पेटंटवर ‘वाय०२’ नावाचा शिक्का मारायला सुरुवात केल्यापासून संशोधकांचं आयुष्य सुसह्य झालं आहे. ऊर्जेसाठी वेगळा उपविभाग, वस्तूंच्या उत्पादनासाठी वेगळा, कार्बन पकडण्यासाठी वेगळा. त्याआधी लोक शब्द टाकून शोधायचे, आणि ‘सोलर’ शब्द टाकला की उन्हाची छत्रीसुद्धा हाती लागायची. तरी शिक्क्यावर आंधळा भरवसा ठेवायचा नाही, म्हणून यादृच्छिक नमुना काढून मी पेटंट वाचत बसायचे. पेटंटची भाषा मुद्दाम धूसर ठेवलेली असते. वकिलाला शक्य तितकं मोठं कुंपण घालायचं असतं. पण चार-सहा वाचली की मागचा अभियंता दिसायला लागतो: त्याला काय सतावत होतं, कुठली तार तुटत होती, कुठला थर सोलून निघत होता. शिवाय एकच शोध अनेक देशांत नोंदवला जातो, तो एकदाच मोजायचा. आणि अर्ज दाखल झाल्यावर प्रसिद्ध व्हायला १८ महिने जातात, त्यामुळे अलीकडच्या वर्षांत आलेख पडलेला दिसतो तो फसवा असतो. ही फसवी घट वगळूनही एक खरी घट उरते. २०१२-१३ नंतर जगभर कमी-कार्बन तंत्रज्ञानाच्या पेटंटांचा ओघ ओसरला. तेल-वायू स्वस्त झाले म्हणून, की कार्बनचे भाव पडलेले होते म्हणून, की सौर आणि पवन तंत्रज्ञान प्रौढ झालं म्हणून, यावर एकमत नाही. डेव्हिड पॉप यांनी २००२ साली अमेरिकन पेटंटांवरून दाखवलं होतं की ऊर्जेचे भाव चढले की ऊर्जा-बचतीचे शोध वाढतात. महाग झालेली गोष्ट वाचवण्याकडे शोधकांचं डोकं वळतं, हे अर्थशास्त्रज्ञ हिक्स यांनी १९३२ सालीच सुचवलं होतं. पॉप यांनी ते मोजलं.

मधल्या काळात मला एका पॅनेल-उत्पादक कारखान्यात जायची संधी मिळाली. तिथल्या उत्पादन-प्रमुखांना मी प्रश्नावली पाठवली होती. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि मला करवतीसमोर उभं केलं. सिलिकॉनच्या ठोकळ्याचे वेफर, म्हणजे पातळ चकत्या, कापताना ठोकळ्याचा मोठा भाग भुसा होऊन वाया जातो. पूर्वी पोलादी तारेवर अपघर्षक चिखल ओतून कापत. मग तारेवरच हिऱ्याचे कण बसवलेली करवत आली, काप बारीक झाला, वेग वाढला, नासाडी घटली. “हे तुम्ही इथे शिकलात का?” मी विचारलं. ते हसले. “ही करवत आम्ही विकत घेतली. ती बनवणारे शिकले. आम्ही शिकलो ती तार तुटू न देता चालवायला.”

हे वाक्य मी परतीच्या वाटेवर लिहून घेतलं, कारण त्यात माझ्या प्रश्नाची उकल आणि गुंता दोन्ही होतं. ‘लर्निंग कर्व्ह’ म्हणून जे आपण मोजतो त्यात शिकणं नेमकं किती? गोक्सिन कावलाक, जेम्स मॅकनर्नी आणि जेसिका ट्रान्सिक यांनी २०१८ मध्ये पॅनेलच्या खर्चाचे तुकडे पाडून याचं उत्तर दिलं आहे. १९८० ते २०१२ या काळातल्या घसरणीत सगळ्यात मोठं मूळ कारण सरकारी आणि खासगी संशोधन. २००१ नंतर मोठ्या कारखान्यांचा फायदा जवळपास त्याच्या बरोबरीला येतो. आणि हाताने करून करून शिकणं, ज्याच्या नावाने ही रेषा ओळखली जाते, त्याचा वाटा त्या मानाने लहान. पण मोठे कारखाने आणि खासगी संशोधन तरी कुठून आले? बाजार वाढला म्हणून, आणि बाजार वाढला तो बऱ्याच अंशी सरकारांनी भाव बांधून दिला म्हणून. अर्थशास्त्रज्ञ याला मागणीने ओढलेला नवोन्मेष म्हणतात. जपानने १९७४ साली सुरू केलेला सनशाइन प्रकल्प, ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत १९८९ च्या सुमारास पुढे आलेली पर्क नावाची सौरघटाची रचना, जर्मनीतला बांधीव भाव, मग चीनमधले प्रचंड कारखाने. एका देशाने पैसे मोजले, दुसऱ्याने शिकून घेतलं, तिसऱ्याने विकलं. कुठल्याही एका अर्थमंत्र्याला हा हिशेब परवडणारा वाटला नसता.

खरा पेच मात्र पुढे उभा राहिला. विभागाच्या साप्ताहिक चर्चासत्रात मी माझी सरळ रेषा मांडली. मागच्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी फळ्यावर येऊन दोन ओळी लिहिल्या. किंमत दरवर्षी ठरावीक टक्क्याने आपोआप उतरते आहे असं धरा. उत्पादनही दरवर्षी ठरावीक टक्क्याने वाढतं आहे असं धरा. आता किंमत आणि उत्पादन यांचा आलेख काढा: नेमकी हीच सरळ रेषा मिळते, उत्पादनाचा किमतीवर काडीचाही परिणाम नसला तरी. देवेंद्र सहाल यांनी ही गोष्ट १९७९ सालीच दाखवून दिली होती. मी तो लेख वाचलेला होता. पण वाचणं वेगळं आणि भरल्या खोलीत आपल्याच रेषेवर तो लागू होताना पाहणं वेगळं. पुढचा घाव नॉर्डहाउस यांचा. लर्निंग कर्व्हमध्ये काळाचा परिणाम उत्पादनाच्या खात्यात जमा होतो, म्हणून शिकण्याचा दर फुगून निघतो आणि अशा दरांवर चालणारी प्रारूपं भलत्याच तंत्रज्ञानावर पैसा लावायला सांगतात, असा त्यांचा इशारा आहे. त्यात उलटी वाटही आहेच: वस्तू स्वस्त झाली म्हणून लोक जास्त घेतात, मग उत्पादन वाढतं. कारण कुठलं, परिणाम कुठला?

हा शब्दच्छल नाही, म्हणून इथे जरा थांबते. स्वस्ताई काळाने येत असेल तर शहाणपण थांबण्यात आहे. महाग असताना घ्यायचं कशाला, दहा वर्षांनी स्वस्तात घेऊ. स्वस्ताई उत्पादनाने येत असेल तर थांबणं म्हणजे ती कधीच न येणं. एकाच आलेखातून दोन उलट धोरणं निघतात, आणि आलेख त्यांच्यात निवाडा करू शकत नाही.

त्यानंतरचा काळ मी निवाडा करू शकेल असा पुरावा शोधत घालवला. उत्पादन अशा कारणाने वाढायला हवं ज्याचा किमतीशी संबंध नाही. असं जगात क्वचित घडतं, युद्धात घडतं. फ्रान्स्वा लाफोंद, डायना ग्रीनवाल्ड आणि डॉइन फार्मर यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लष्करी उत्पादनाचा असाच उपयोग केला आहे. सैन्याला विमानं हवी होती ती स्वस्त झाली म्हणून नव्हे. त्यांच्या हिशेबात खर्चातली घट अनुभव आणि काळ यांच्यात साधारण निम्मी-निम्मी वाटली जाते. युद्धाच्याच उदाहरणातून सावधपणाही शिकायला मिळतो. लिबर्टी नावाची मालवाहू जहाजं तेव्हा २,७०० हून अधिक बांधली गेली आणि एक जहाज तर साडेचार दिवसांच्या आसपास उभं केलं. पाठ्यपुस्तकांत हे करता करता शिकण्याचं आवडतं उदाहरण. पीटर थॉम्पसन यांनी जुनी कागदपत्रं उकरली तेव्हा दिसलं की उत्पादकता वाढली त्यातला मोठा वाटा नव्या यंत्रसामग्रीचा होता, आणि काही वाटा दर्जा घसरल्याचा. काही जहाजांच्या सांगाड्यांना भेगा पडल्या होत्या. मला हा लेख फार आवडतो. अभिलेखागारातल्या जुन्या फायलींत बसून एखादा सर्वमान्य आकडा असा पोखरता येतो हे पाहून उमेद येते.

मी माझ्या डेटावर दोन गोष्टी केल्या. एक, जिथे उत्पादनाची वाढ अनियमित आहे अशी तंत्रज्ञानं निवडली, कारण वाढ खडबडीत असेल तरच काळ आणि उत्पादन यांना वेगळं करायला फट मिळते. दुसरी, मागे जाऊन भाकीत करून पाहिलं: समजा आपण २००० सालात उभे आहोत, पुढचं काहीच माहीत नाही, तर काळाचा नियम वापरून अंदाज जास्त चुकतो की उत्पादनाचा? बहुतेक तंत्रज्ञानांत दोन्ही जवळजवळ सारखेच चुकतात. इतर संशोधकांच्या मोठ्या संग्रहांवरही साधारण हेच दिसलेलं आहे, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही. पण प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष ‘सांगता येत नाही’ असा निघतोय हे पचवायला वेळ लागला. दोन्ही नियम निदान तज्ज्ञांच्या अंदाजांपेक्षा बरे ठरतात, एवढं समाधान. रूपर्ट वे आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या प्रारूपांतले २,९०५ अंदाज तपासले. २०१० ते २०२० या काळात सौर खर्च वर्षाला सरासरी २.६ टक्के उतरेल असं ते सांगत होते, एकही अंदाज ६ टक्क्यांवर नव्हता. प्रत्यक्ष घट वर्षाला १५ टक्के.

पेपर पाठवला. परत आला तेव्हा सोबत दोन परीक्षणं होती. पहिला परीक्षक अर्थशास्त्रज्ञ असावा: कारणपरिणामाचा दावा अजून सौम्य करा, अमुक चाचणी जोडा, तमुक निर्देशांकाने पुन्हा मोजा. दुसरा नक्कीच अभियंता: एवढी गणितं कशाला, वेफर किती पातळ झाला ते सांगा. दोघांनाही एकाच वेळी खूश करणं म्हणजे तारेवरची कसरत. पहिल्याच्या सूचनांनी पेपर लांबला, दुसऱ्याच्या सूचनांनी सुधारला, असं माझं प्रामाणिक मत. वहीतली प्रत्येक निवड बदलून रेषेचा उतार पुन्हा काढला आणि तक्ते पुरवणीत टाकले. ती पुरवणी मूळ पेपरपेक्षा जाड आहे.

याच सुमारास एका धोरणविषयक बैठकीत मला माझं काम सांगायला बोलावलं. मी शक्यतांचा पट्टा दाखवला: इलेक्ट्रोलायझरची किंमत पुढे इथपासून इथपर्यंत कुठेही असू शकते. एका अधिकाऱ्यांनी नम्रपणे विचारलं, “मधला आकडा घेतला तर चालेल ना?” त्यांचीही अडचण खरी होती; अंदाजपत्रकाच्या रकान्यात पट्टा मावत नाही. पण पट्ट्याची रुंदी हीच माझी माहिती होती. मी मधला आकडा दिला नाही. तळटीप म्हणून पट्टा छापतो, असं ते म्हणाले.

इलेक्ट्रोलायझरच्या प्रकरणाने मला कारखान्यातल्या त्या करवतीकडे परत नेलं. एक यंत्र म्हणून त्याचा आलेख काढण्यात अर्थ नाही. त्याच्या पोटातला स्टॅक, म्हणजे एकावर एक रचलेले विद्युतघट, हा पॅनेलसारखा आहे: लहान, एकसारखा, कारखान्यात हजारोंनी बनणारा. बाहेरची बाकी सामग्री, वीज एकदिश करणारी यंत्रणा, पाणी शुद्धीकरण, कॉम्प्रेसर, हे जुनं आणि सरावलेलं. तिथे नव्याने शिकण्यासारखं थोडं. आणि पाया, नळजोडण्या, मजुरी हे प्रत्येक जागी वेगळं. शेवटच्या भागात स्वस्ताई येईलच असं मानायला आधार नाही. उलट फ्रान्सच्या अणुभट्ट्यांवर अर्नुल्फ ग्रुबलर यांनी २०१० मध्ये केलेलं काम सांगतं की अनुभव वाढत गेला तसा प्रत्येक नव्या भट्टीचा खर्चही वाढत गेला. म्हणून मी तिन्ही भागांना वेगवेगळे दर लावले. पट्टा आणखी रुंद झाला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वह्या-तक्त्यांना हातच लावला नाही. “तुमचं म्हणणं मान्य,” ते म्हणाले, “काळ आणि उत्पादन वेगळे काढता येत नाहीत. मग सरकारने आज पैसे घालावेत की थांबावं?”

मी उत्तर दिलं ते असं. दोन्ही शक्यता धरा आणि दोन्ही बाजूंनी चुकल्यावर काय पडेल ते मोजा. पैसे घातले आणि नंतर कळलं की स्वस्ताई काळानेच येणार होती, तर तेवढे पैसे जास्तीचे गेले, त्यातून थोडं प्रदूषण मात्र टळलं. थांबलो आणि नंतर कळलं की उत्पादनानेच आली असती, तर दशक गेलं, तंत्रज्ञान जिथल्या तिथे, आणि कार्बन हवेत जमा. पहिल्या चुकीला कमाल मर्यादा आहे, दुसरीला नाही. शिवाय सुरुवातीचं दुप्पट होणं स्वस्त असतं. १ मेगावॅटचे २ करायला फार पैसे लागत नाहीत. ५०० गिगावॅटचे १,००० करायला लागतात, पण तोवर वस्तू स्वतःच्या पायावर उभी असते. म्हणून पैसे घालायचे ते लवकर, लहान आकारात, अनेक तंत्रज्ञानांवर, आणि दर दुपटीला किंमत हलली का ते तपासत.

“आणि सिमेंट?” त्यांनी विचारलं.

इथे माझ्या उत्तराची धार गेली. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग भट्टीच्या इंधनातून येत नाही, चुनखडी तापवल्यावर दगडातूनच सुटतो. सगळी वीज सौर केली तरी तो सुटणारच. तो पकडायचा तर प्रत्येक कारखान्याला भलंमोठं, जागेवर बांधायचं, वर्षानुवर्षं चालणारं काम करावं लागतं. लहान आकारात, अनेकदा, झटपट करून पाहणं शक्य नाही. दुप्पट होण्याच्या संधीच मोजक्या. पहिल्या चुकीला कमाल मर्यादा आहे असं मी म्हटलं होतं. इथे ती मर्यादा इतकी उंच जाते की हिशेब पुन्हा मांडावा लागतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१ साली म्हटलं होतं की २०५० मधल्या अपेक्षित कपातीपैकी जवळपास निम्मी कपात अजून प्रात्यक्षिक किंवा नमुन्याच्या टप्प्यावरच्या तंत्रज्ञानातून यायची आहे. त्यातलं बरंचसं पॅनेलपेक्षा सिमेंटच्या जातीचं आहे.

परीक्षकांनी दुरुस्ती म्हणून एकच गोष्ट लिहून दिली: शेवटच्या प्रकरणातला निष्कर्ष कोणत्या आकाराच्या तंत्रज्ञानाला लागू आहे आणि कोणत्या नाही, ते पहिल्याच परिच्छेदात यावं. मी तो परिच्छेद लिहिला, मॅडमनी त्यातली दोन विशेषणं काढली, आणि प्रबंध जमा झाला. आता सिमेंटवर काम सुरू आहे. सध्या किमतींचे तक्ते गोळा करते आहे. कार्बन पकडणारे कारखाने इतके थोडे आहेत की आलेखावर अजून रेषा म्हणण्याजोगं काही उमटत नाही.